गमबूट झोपतो तेव्हा

बुधवार, ७ फेब्रुवारी

ज्याने उभे आयुष्य दुसऱ्यांच्या ओठांच्या मापाची वाक्ये शिवण्यात घालवले, त्याने स्वतःच्या मापाची चार वाक्ये लिहू पाहावीत, हे धाडसच म्हणायचे. परंतु कन्येने वाढदिवसाला ही दैनंदिनी भेट दिली असून ती कोरी ठेवणे हा राजद्रोह ठरेल; कारण कन्येस या घरात ‘सरकार’ म्हणतात. म्हणतात म्हणजे मी म्हणतो. घरात आता तिसरे कोणी नाही. सरकार चष्म्याच्या दुकानात नोकरीस असून समस्त नागरिकांना स्वच्छ दिसावे अशी व्यवस्था पाहतात. तीर्थरूपांना काय दिसते, याची चौकशी अद्याप झालेली नाही.

व्यवसायनिवेदन. मी परदेशी चित्रमालिकांचे संवाद आपल्या भाषेत आणतो. यास भाषांतर म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. भाषांतरकार केवळ अर्थ सांभाळतो. मला ओठही सांभाळावे लागतात. पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटले, की माझ्या वाक्यातही नेमके त्याच क्षणी प, फ, ब, भ, म यांपैकी एखादे अक्षर हजर पाहिजे. एकदा एक जपानी म्हातारा मरताना शत्रूला क्षमा करत होता. त्याच्या ओठांत माझी क्षमा काही बसेना. अखेर मी “बरं, मग भेटू बुधवारी” असे लिहिले. एकाही प्रेक्षकाची तक्रार आली नाही. पुष्कळांना रडू आले, असे कळते.

माझा अन्नदाता गमबूट. लाल गमबूट घातलेला नऊ वर्षांचा जपानी मुलगा. गेली चाळीस वर्षे तो नऊच वर्षांचा आहे. आधी चित्रकथेच्या पुस्तकांत आला, मग पडद्यावर, आणि मग जगातील यच्चयावत भाषांत. हरवलेल्या बापाच्या शोधात तो दर भागात नव्या गावी पोहोचतो, तेथे कोणाची तरी अडचण निवारतो, बाप काही सापडत नाही, आणि शेवटी एखाद्या बाकावर किंवा पोत्यांच्या ढिगावर झोपी जातो. संगीत थांबते. मग बराच वेळ पडद्यावर निजलेला मुलगा आणि कानांवर केवळ त्याचा श्वास. दोन लहान श्वास आत, मग एक थांबा, मग एक लांब उच्छ्वास. संपले. एवढ्या भांडवलावर तीन पिढ्या निजल्या आहेत.

आमच्या भाषेतील गमबूट म्हणजे माझी पत्नी. लहान मुलांचे आवाज बायकाच देतात, पुरुषांच्या घशात तेवढी निरागसता उरत नाही. गेल्या वर्षी एका दुपारी ती वामकुक्षीसाठी आतल्या खोलीत आडवी झाली, ती उठली नाही. मी बाहेरच्या खोलीत ओठ जुळवत बसलो होतो.

आता गमबूटचे बोलणे एक नवी मुलगी बोलते. परंतु हसणे, धापा, हुंदके आणि तो झोपेचा श्वास हे अजूनही स्टुडिओच्या भांडारातून येतात. तोंडचे असे आवाज एकदा नोंदवून ठेवायचे आणि लागतील तेव्हा चिकटवायचे, ही आमच्या धंद्याची जुनी रीत आहे. सबब दर शनिवारी, भागाची अंतिम जुळणी चालू असता, मी तांत्रिक देखरेखीसाठी जातीने उपस्थित राहतो. या देखरेखीची कोणी मागणी केलेली नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

देखरेख पार पडली. आमच्या ध्वनिमुद्रकास सर्व जण कानसेन म्हणतात. दोन खोल्यांपलीकडे कोणी पेनाचे टोपण काढले तर त्याला पेन कोणाचे ते कळते. तो मला शास्त्रीबुवा म्हणतो. मी निषेध करत नाही.

गमबूट आज जहाजाच्या दोरखंडांवर निजला. मी खुर्चीत मागे रेललो.

“शास्त्रीबुवा, भाग संपला. दिवे लावू?”

“थांब. ओठ तपासतोय.”

“डोळे मिटून?”

मी त्यास सांगितले, की अनुभवाच्या एका पातळीनंतर ओठ आतून दिसतात. त्याने तो शेवट पुन्हा एकदा लावला. कानसेन वरवर उद्धट आहे.

एक किरकोळ नोंद. सकाळी डोके जड असते आणि दिवसा कोठेही पेंग येते. सरकारांचा हुकूम सुटला आहे, की मी झोपताना खोलीचे दार उघडे ठेवावे. कारण विचारता “हवा खेळती राहते” असे सांगण्यात आले.

सोमवार, १२ फेब्रुवारी

दाढ. दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात पडद्यावर गमबूट चालू होता. वैद्यमहाशयांचा सिद्धांत असा, की शेवटचा श्वास ऐकलेल्या रुग्णाला भूल कमी लागते.

“पण हे लहान मुलांचं ना?” मी अजाणतेपणाचा आव आणून विचारले.

“माझी आई लावते रोज,” ते म्हणाले. “मीही लावतो. त्याशिवाय झोपच नाही. तुमच्याकडे नाही लावत?”

“आमच्याकडे होता,” मी म्हणालो.

भाग संपत आला तेव्हा मी सभोवार पाहिले. एक वृद्ध गृहस्थ, दोन गृहिणी, एक पोलीस शिपाई, एक तान्हे मूल आणि त्याची आई. सर्वांच्या छात्या एकाच तालात वर गेल्या. दोनदा. मग सगळे थांबले, तान्हे मूलही. त्या थांब्यात पंख्याची घरघर फार मोठी वाटली. मग सर्वांनी मिळून श्वास सोडला आणि शिपायाने जांभई दिली.

लोकप्रियता म्हणतात ती हीच. चाळीस वर्षे का टिकला, यावर विद्वान मोठमोठे ग्रंथ लिहितील. त्यांनी आधी दाढ दाखवावी.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

वज्राघात. कंपनीच्या व्यवस्थापिकाबाईंनी बैठक बोलावून जाहीर केले, की चाळीसाव्या वर्षानिमित्त मालिका नव्या, निर्मळ ध्वनीत सादर होणार. जुने भांडार खरखरीत आहे. सर्व आवाज नव्या मुलीने नव्याने द्यायचे आणि भांडार पुसून टाकायचे.

“झोपेचा श्वाससुद्धा?” मी विचारले.

“तोच तर सगळ्यात खरखरीत आहे,” बाई म्हणाल्या. बाई वाईट नाहीत. त्यांच्या किल्ल्यांना लाल गमबुटाचा जोड लटकत होता.

घरी येऊन सरकारांस वृत्तांत सांगितला. त्या भांडी विसळत होत्या. पाण्याची धार तशीच ठेवून म्हणाल्या, “बरं झालं.”

“बरं कसं झालं? तुझ्या आईचा श्वास आहे तो.”

“म्हणूनच म्हणते,” सरकार म्हणाल्या आणि अधिक काही बोलल्या नाहीत. स्त्रियांच्या मौनात ओठ मिटलेले असतात. तेथे कोणते अक्षर घालायचे, हे तीस वर्षांच्या अनुभवानेही कळत नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

नव्या मुलीने श्वासाचा प्रयत्न केला. मुलगी गुणी आहे. बोलणे चोख, हुंदके तर असे, की कानसेनने चष्मा पुसला. श्वास मात्र जमेना. पहिल्या खेपेस हसू आले, दुसऱ्या खेपेस ठसका. तिसऱ्या खेपेस दोन लहान श्वास तिने बिनचूक घेतले आणि थांबली. थांबली ती थांबलीच. काचेपलीकडे तिचे ओठ फिकट दिसू लागले तेव्हा कानसेनने खुर्ची मागे लोटली आणि आत जाऊन तिच्या पाठीवर थाप मारली.

“मला वाटलं, कोणीतरी सोड म्हणेल,” ती म्हणाली. पाणी पिऊन पुन्हा म्हणाली, “काका, मी बाकी सगळं करीन. हे नको.”

व्यवस्थापिकाबाईंनी तूर्त तो विषय बाजूला ठेवला. मला आनंद झाला, हे येथे नमूद करतो; दैनंदिनीत खोटे लिहिण्यास मानधन मिळत नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

गेले काही दिवस एक विनंतीअर्ज रचत होतो. ‘दिवंगत कलावतीच्या प्राणवायूचे जतन’ असे शीर्षक. मजकूर ओजस्वी झाला होता. ‘अजरामर’ हा शब्द अगदी जागेवर बसला होता. आज जुळणीच्या आधी कानसेनला वाचून दाखवला. तो ऐकत असता बटणांवरची धूळ बोटाने काढत राहिला.

“हा पाठवू नका,” तो म्हणाला.

“का? भाषा जड झाली?”

“भाषा तुमची नेहमीच जड असते. शास्त्रीबुवा, तो श्वास वहिनींचा नाही.”

मी म्हणालो, मी त्या श्वासाशेजारी वीस वर्षे निजलो आहे.

“ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की वहिनी कामाला आल्या त्याच्या आधीपासून तो भांडारात आहे. वहिनींनी तो कधी दिलाच नाही. कोणी द्यायला सांगितलाही नाही. तुम्ही दर शनिवारी येऊन बसायचात. मी म्हटलं, कशाला सांगा. पण आता तुम्ही हे लिहून वर पाठवणार, ते तपासणार, आणि तुमचं हसं होणार. ते मला बघवणार नाही.”

मग त्याने, मी न मागता, चहा आणून दिला. तो अतिशय वाईट होता. मी सगळा प्यालो.

बुधवार, २८ फेब्रुवारी

माझ्या पत्नीच्या आधी गमबूट बोलणारी कलावती हयात आहे. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एकटी राहते. दुपारी जाऊन थडकलो.

“या. तुम्ही तिचे मिस्टर ना? त्या खुर्चीवर नका बसू, ती फक्त दिसायला खुर्ची आहे.”

बाई ऐंशीच्या घरात आहेत. पाय सुजलेले, केस विरळ. मी उद्देश सांगण्यापूर्वीच त्यांनी मान जरा कलती केली आणि एकदम नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाजात म्हणाल्या, “बाबा, तुम्ही इथे आहात का?” गमबूट दर भागात हे वाक्य म्हणतो. बाई पोटभर हसल्या.

“अजून येतो बघा. दूधवाल्याला घाबरवते अधूनमधून. बोला.”

मी झोपेच्या श्वासाविषयी विचारले. हसू थांबले.

“तो माझा नाही हो. मी घोरते. खालचे घड्याळजी छताला काठी लावतात.”

“मग कोणाचा?”

“मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा ध्वनिपट्टीवर होताच. मला वाटलं, जपानातून आलाय. स्टुडिओचे तेव्हाचे साहेब म्हणाले, त्याला हात लावायचा नाही, तुम्ही तुमचं बोला.” त्या पदराशी चाळा करू लागल्या. “पण ऐकून ऐकून लागतो बरं तो. आमचे हे म्हणायचे, तू हल्ली झोपेत दुसऱ्या कोणासारखी श्वास घेतेस. छान वाटतं म्हणायचे आधी. मग तो थांबा वाढायला लागला. मला गदागदा हलवून उठवायचे. भांडणं व्हायला लागली. शेवटी म्हणाले, एक तर ते काम ठेव, नाहीतर मला. मी काम सोडलं.”

“आणि श्वास?”

“गेला की. मी सोडलं, तुमची बायको आली, चुणचुणीत पोरगी, जाताना माझ्या पाया पडली. त्याच आठवड्यात मी घोरायला लागले. हे म्हणाले, घोर बाई, तू आहेस हे तरी कळतं.”

परतताना काही आठवले. लग्नानंतर पहिल्या वर्षी पत्नीची झोप इतकी निःशब्द असे, की मी तिच्या नाकाखाली बोट धरून पाहत असे. तो श्वास केव्हा आला, ते स्मरत नाही. आला तेव्हा मला बरे वाटले होते, एवढे स्मरते.

निष्कर्ष: व्यावसायिक अनुकरण. शिंप्याची मान वाकते, गवंड्याचे हात खरबरीत होतात, तद्वत. यापलीकडे यात काही नाही.

सोमवार, ४ मार्च

व्यवस्थापिकाबाईंनी जपानातील मुख्य कचेरीकडे मूळ श्वासाची स्वच्छ प्रत मागितली होती. आज उत्तर आले. बाईंनी ते मला दोनदा वाचून दाखवले, जणू दुसऱ्या वाचनात ते बदलणार होते.

मूळ मालिकेत त्या ठिकाणी कोणताही आवाज नाही. चित्रकाराची इच्छा होती, की शेवट शांततेत व्हावा. श्वास तुमच्याकडेच घातला गेला असावा. पुढे एक वाक्य होते: मालिका ज्या ज्या भाषेत गेली आहे, त्या प्रत्येक भाषेतून आम्हाला हीच मागणी येते.

“म्हणजे काय?” बाईंनी विचारले.

“म्हणजे जगात हौशी लोक फार,” मी म्हणालो.

बाईंनी किल्ल्या उचलल्या आणि त्यांवरचा गमबुटांचा जोड काढून मेजाच्या खणात टाकला. मग निर्णय दिला. शेवट मुळाप्रमाणे शांत ठेवायचा. श्वास पुसायचा.

कानसेनने माझ्यासमोर पुसला. एक कळ दाबायची असते. त्याआधी त्याने विचारले, “एक प्रत घरी नेता?”

“कोणाची म्हणून नेऊ?” मी म्हणालो.

त्याने कळ दाबली. भांडारात जेथे श्वास होता, तेथे आता एक रिकामी ओळ आहे.

रविवार, १० मार्च

शांत शेवटाचा पहिला भाग आज दुपारी प्रक्षेपित झाला. आम्ही तक्रारींच्या स्वागतास सिद्ध होतो. व्यवस्थापिकाबाईंचा संध्याकाळी फोन आला.

“तक्रार एकही नाही. आभार आलेत. ढिगाने.”

“कशाबद्दल?”

“श्वास तसाच ठेवल्याबद्दल. म्हणतात, आता तर जास्त स्पष्ट ऐकू येतो.”

फोनवर बाईंच्या किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली.

“तुम्ही पाहिलात का भाग?” त्यांनी विचारले.

मी सांगितले, की मला मध्येच डोळा लागला होता. हे खरे आहे.

मंगळवार, १२ मार्च

सकाळचा चहा. सरकारांनी मोबाईल माझ्या कपाशेजारी ठेवला आणि “ऐका” असा हुकूम केला.

दोन लहान श्वास. थांबा. लांब उच्छ्वास.

माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते चष्म्याआड असल्याने दिसले नसावे. “कुठे मिळाला तुला? पुसला होता तो. कोणता भाग? पोत्यांवरचा?”

“भाग नाही बाबा. हे तुम्ही आहात. तुमच्या खोलीच्या दारातून घेतलंय.”

मी पुन्हा ऐकले. ध्वनीची प्रत उत्तम होती, मुळीच खरखर नव्हती.

“तुम्ही थांबता बाबा.”

“गमबूटही थांबतो.”

“गमबूट कार्टून आहे.” सरकारांनी मोबाईल उचलून पालथा ठेवला. “आईचंही असंच होतं. आपल्याला ते ऐकायला छान वाटायचं, म्हणून कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. मला पुन्हा दुकानात तो फोन घ्यायचा नाहीये.”

यावर काही विनोदी बोलायचे होते. ओठ मिटले, अक्षर सुचले नाही.

शनिवार, १६ मार्च

डॉक्टर. झोपेत श्वासमार्ग अडतो, हृदयावर ताण पडतो, डोके जड राहते ते त्यामुळेच. सरकारांनी मोबाईलवरचा आवाज ऐकवला. डॉक्टरांनी तो लक्षपूर्वक ऐकला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले आणि चेहरा निवळला. सरकार खाकरल्या. डॉक्टर सावरून म्हणाले, “धोकादायक आहे.”

उपाय: एक यंत्र. त्याची नळी, नळीला मुखवटा, मुखवटा नाकावर. ते रात्रभर हवा आत ढकलत राहते आणि माणसास थांबू देत नाही. आरशात पाहिले. गजमुख दिसत होतो, मात्र बुद्धीचा लाभ झाला नव्हता.

यंत्र घरी आणले आहे. लावलेले नाही.

रविवार, १७ मार्च

खोटे लिहिण्यास मानधन नाही, हे मीच लिहिले आहे. तेव्हा हेही लिहितो.

तिच्या साड्या सरकारांनी वाटून टाकल्या. तिचा चष्मा, तिची छत्री, तिचा तो कान तुटलेला कप, एकेक करून गेले. भांडारातील श्वास तिचा निघाला नाही आणि तोही पुसला गेला. आता तिचे या जगात जे काही उरले आहे, ते माझ्या छातीत आहे, आणि मी झोपलो असता ते चालू असते, त्यामुळे मला कधी ऐकूही येत नाही. ते हुसकावून लावण्याचे यंत्र मी हप्त्याने विकत घेतले आहे.

सरकारांस हे सांगण्याचा यत्न केला.

“तो आईचा नव्हता ना पण? तुम्हीच म्हणालात.”

“तिच्याकडून आला.”

“तिला कुठून आला?”

मी यंत्राची नळी गुंडाळू लागलो.

“बाबा, आई हसायची तेव्हा नाकातून आवाज यायचा. मला येतो तसा. तो आईचा होता,” सरकार म्हणाल्या. “हा ठेवायचा असेल तर ठेवा. पण मग मी रोज रात्री तुमच्या दारात बसून ऐकत राहणार. गेला महिनाभर तेच करतेय.”

त्यांच्या डोळ्यांखाली काळे झाले आहे, हे मला आजच दिसले. चष्म्याच्या दुकानात असून त्यांना कोणी सांगितले नसावे.

मुखवटा लावला.

सोमवार, १८ मार्च

दगडासारखा झोपलो. सकाळी डोके हलके, बुद्धी तल्लख. पूर्वी होती तितपत.

“काही ऐकू आलं?” मी विचारले.

“काही नाही. एकसारखा वारा,” सरकार म्हणाल्या आणि कित्येक महिन्यांनी नाकातून हसल्या.

घर मोठे वाटले. एखादे कपाट हलवल्यावर भिंत उघडी पडते, तसे.

बुधवार, २७ मार्च

यंत्र आणि मी एकमेकांस सरावलो. दिवसा पेंग येत नाही. गमबूटच्या नव्या भागात एका कोळिणीचे दीर्घ भाषण मी एका बैठकीत ओठांवर बसवले. कानसेन म्हणाला, “शास्त्रीबुवा, आता डोळे उघडे ठेवून ओठ तपासता की काय?”

सरकारांस मात्र उसंत मिळताच सगळा थकवा बाहेर पडतो आहे. जेवताना पेंगतात. काल म्हणाल्या, सकाळी डोके जड असते. महिनाभर माझ्या दारात बसून जागल्या, त्याची भरपाई चालली असावी. झोपू देत.

रविवार, ३१ मार्च

हे दुपारी लिहीत आहे, मेजावर नव्हे, सोफ्याशेजारी खुर्ची ओढून.

जेवणानंतर सरकार सोफ्यावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “गमबूट लावा, ऐकत पडते.” मी लावला. भाग माझाच, कोळिणीचा. ओठ उत्तम बसले होते. शेवटी गमबूट नावेत निजला, संगीत थांबले, आणि शांतता आली. ती कानसेनने माझ्यासमोर ठेवलेली आहे, तेथे काहीही नाही.

दोन लहान श्वास. थांबा. लांब उच्छ्वास.

प्रथम मला कानसेनचा राग आला. वाटले, याने पुसला नाही, लपवून ठेवला. मग व्यवस्थापिकाबाईंचा फोन आठवला आणि वाटले, मलाही आता इतरांसारखे ऐकू येऊ लागले. मी दूरचित्रवाणीचा आवाज पूर्ण बंद केला. श्वास चालूच होता. मग संचच बंद केला. काळ्या काचेत खोली दिसू लागली. त्यात सोफा, सोफ्यावर सरकार, एक हात खाली लोंबणारा.

दोन लहान श्वास. थांबा.

तो थांबा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आतल्या खोलीतून तो मी बाहेरच्या खोलीत बसून किती वेळा ऐकला असेल. त्यात एक विलक्षण गोडी आहे. माणसाला वाटते, बसून राहावे, येईल आता.

मी सरकारांस गदागदा हलवले.

“काय झालं?” त्या दचकून म्हणाल्या.

“काही नाही. उद्या डॉक्टरकडे जायचंय.”

“कोणाला?”

“तुला.”

“बाबा, झोपू द्या हो,” सरकार म्हणाल्या आणि कूस बदलून तत्काळ झोपल्या. तेव्हापासून तीनदा उठवले आहे. तिसऱ्या खेपेस मला वेडा म्हणाल्या आणि उशी फेकली. उशी फेकणारा माणूस असतो, एवढे खरे. आतून माझे यंत्र आणून त्यांच्या उशाशी ठेवले आहे. मुखवटा त्यांच्या चेहऱ्याला मोठा होईल, परंतु उद्यापर्यंत निभावेल. माझे काय होईल, ते पाहू.

दोन लहान श्वास झाले. आता थांबा आहे. ओठ मिटलेले आहेत. मिटलेल्या ओठांवर बसेल असा शब्द मला ठाऊक आहे. तो ‘बाबा’ आहे, तो त्या लहानपणापासून म्हणतात आणि गमबूट चाळीस वर्षे म्हणतो आहे. तो येण्याची वाट मात्र या वेळी पाहणार नाही. लेखणी ठेवतो, हलवतो तिला.